माळवद, भिंत आणि पहिले दोन तास

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी परिसरात भूकंप झाला, तेव्हा गणपती विसर्जनाची रात्र सरत आली होती आणि औसा, निलंगा, उमरगा भागातली बहुतेक माणसे घरात गाढ झोपलेली होती. तीव्रता ६.२ च्या आसपास. जवळपास आठ हजार माणसे गेली. त्यानंतर साडेतीन महिन्यांनी, १७ जानेवारी १९९४ रोजी, अमेरिकेत लॉस एंजेलिसजवळ नॉर्थरिजला भूकंप झाला. तोही पहाटेच, साडेचारच्या सुमारास. तिथली माणसेही अंथरुणातच होती आणि वस्ती आपल्यापेक्षा कितीतरी दाट. तीव्रता ६.७, म्हणजे धक्का किल्लारीपेक्षा बराच ताकदीचा. मृत्यू साठच्या आसपास.

हा फरक नशिबाचा नाही. तिकडची बहुतेक घरे लाकडी सांगाड्याची आणि हलक्या भिंतींची होती. आपल्याकडे डोक्यावर माती होती आणि बाजूला एकमेकांना न बांधलेले दगड. म्हणून निलंग्याच्या माणसाने आपत्तीची तयारी करायची म्हटले, तर ती तहसील कार्यालयातून सुरू होत नाही. ती स्वतःच्या घराच्या भिंतीपासून सुरू होते, मग गल्लीत जाते, मग पाण्याच्या टाकीपाशी. त्याच क्रमाने पाहू.

जुने धाब्याचे घर कसे असते ते निलंग्यात वेगळे सांगायला नको, पण ते कसे पडते हे सांगायला हवे. आपला भाग काळ्या खडकाचा, दगड मुबलक. भिंत दोन-अडीच फूट जाडीची, काही वाड्यांत त्याहूनही जास्त. पण ही जाड भिंत एकसंध नसते. बाहेरून एक दर्शनी थर, आतून दुसरा, आणि मधल्या पोकळीत कपच्या नि चिखल. उन्हाळ्यात अशी भिंत घर गार ठेवते. उभा भारही ती पिढ्यान् पिढ्या पेलते, कारण सगळे वजन सरळ खाली जाते. भूकंपात जमीन आडवी हलते. मग आतला चिखल सुटतो, कपच्या खाली सरकून पाचरीसारखे काम करतात, आणि भाकरीचा पापुद्रा सुटावा तसे भिंतीचे दोन पदर वेगळे होतात. एक अंगणात पडतो, दुसरा घरात, झोपलेल्या माणसांवर. भिंत जितकी जाड, तितका आत पडणारा ढीग मोठा. जाड भिंत म्हणजे मजबूत भिंत हा समज किल्लारीने खोटा ठरवला.

आता वर, माळवदाकडे पाहा. खांब, तुळया, त्यावर कडीपाट, त्यावर पाचट किंवा काटक्या, आणि त्यावर पांढरी माती. पाऊस गळू नये म्हणून मृगाच्या आधी दरवर्षी मातीचा एखादा थर वाढवायचा, जुना काढायचा नाही, ही रीत. अशाने वीस-तीस वर्षांत माळवदावर फूट-दोन फूट माती चढते. तिचे वजन घरच्या घरी काढता येते. एक घनमीटर माती सुमारे १,६०० किलो भरते. दहा फूट बाय तेरा फुटांची खोली म्हणजे साधारण १२ चौरस मीटर. त्यावर एक फूट माती असेल तर जवळजवळ पावणेसहा टन, दोन फूट असेल तर साडेअकरा टन. भूकंपाचा आडवा जोर वजनाच्या प्रमाणात वाढतो, त्यामुळे ही माती घराला दोनदा मारते: आधी भिंतीला ढकलते, नंतर स्वतः कोसळते. त्या पहाटे कित्येक जण दगडाखाली चिरडून नव्हे, तर मातीने नाकातोंड भरून गुदमरले. हलक्या पत्र्याखाली किंवा गवती छपराखाली झोपलेली गरीब माणसे मात्र तुलनेने वाचली.

लाकडी खांबांचे सांगायलाच हवे, कारण त्यांनी जीव वाचवलेही आहेत. काही घरांत भिंती बाहेर पडल्या, पण खांब-तुळईचा सांगाडा उभा राहिला आणि खालची माणसे वाचली. जिथे खांब नुसता दगडावर टेकवलेला होता, तुळईशी त्याची जोडणी सैल होती किंवा बूड वाळवीने खाल्लेले होते, तिथे तो तिरका झाला आणि सगळे खाली आले. लाकूड दोन्हीकडे सारखेच, फरक पडला तो सांध्यांनी.

या भागाला काहीच चाहूल नव्हती असेही नाही. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात किल्लारी परिसरात लहान-लहान धक्क्यांची मालिका होऊन गेली होती. पण देशाच्या भूकंप-नकाशावर लातूर तेव्हा पहिल्या, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात होते. २००२ च्या सुधारणेत ते तिसऱ्या पट्ट्यात आले. जमीनही अजून पुरती निवांत झालेली नाही. सप्टेंबर २०२२ मध्ये निलंगा तालुक्यातल्या हासोरीत जमिनीखालून आवाज येऊ लागले आणि सौम्य धक्के नोंदले गेले, लोक घराबाहेर झोपू लागले. २१ मार्च आणि १० जुलै २०२४ ला हिंगोली जिल्ह्यात ४.५ तीव्रतेचे धक्के बसले, ते नांदेडपर्यंत जाणवले. पुढचा मोठा धक्का कधी बसेल हे कोणताही शास्त्रज्ञ आज तारखेनिशी सांगू शकत नाही. तारीख सांगणारा निरोप मोबाइलवर आला तर तो पुढे पाठवू नका. घर कसे आहे हे मात्र आजच पाहता येते.

ते असे पाहा. दिवसाउजेडी घराला बाहेरून एक फेरी मारा. भिंतीला कुठे पोट आले आहे का? कोपऱ्यात उभी भेग आहे का? उभी भेग म्हणजे दोन भिंतींनी एकमेकींचा हात सोडला आहे. दगडांत अधूनमधून भिंतीच्या आरपार जाणारा लांब दगड दिसतो का? जुन्या चांगल्या वाड्यांत पाथरवटांनी असे दगड बसवलेले असत, पुढे खर्च वाचवताना ते गळाले. मग माळवदावर जाऊन एक सळई मातीत खुपसा आणि किती जाते ते मोजा. शेवटी प्रत्येक खांबाच्या बुडाशी स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. सहज रुतला तर तिथे वाळवी आहे.

यातले सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जीव वाचवणारे काम म्हणजे माती उतरवणे. सहा-आठ इंच माती ठेवायची, तिच्याखाली जाड प्लास्टिक अंथरायचे, म्हणजे गळतीही थांबते आणि दरवर्षी थर चढवावा लागत नाही. काम सुरू करण्याआधी आतून तुळयांना टेकू द्या, आणि माती एकाच बाजूने न उपसता दोन्हीकडून सारखी उतरवा. त्या वेळी खाली कोणी नको. दुसरे काम सुताराचे: खांब आणि तुळई जिथे मिळतात त्या कोपऱ्यात तिरक्या फळ्या ठोकून घ्यायच्या, लोखंडी पट्ट्यांनी सांधा आवळायचा, खांबाचे बूड जोत्याशी पकडून घ्यायचे. दोन दिवसांचे काम आहे, पण सांगाडा उभा राहील की नाही हे त्यावरच ठरते.

तिसरे काम भिंतीचे पदर शिवण्याचे. साधारण मीटर-मीटर अंतरावर, एकाआड एक, हातानेच दगड हळूहळू काढून आरपार भोक पाडायचे. घण घालून नव्हे, हादऱ्याने भिंत आणखी सुटते. भोकात दोन्ही टोके वळवलेली आठ मिलिमीटरची सळई ठेवायची आणि काँक्रीट भरायचे. गेलेला आरपार दगड असा परत मिळतो. चौथे काम पट्ट्याचे: दारे-खिडक्यांच्या वर, भिंतीच्या दोन्ही अंगांनी लोखंडी जाळी खिळ्यांनी आणि आरपार तारांनी बसवून तिच्यावर सिमेंटचा गिलावा. हा पट्टा सगळ्या भिंतींवरून सलग फिरला पाहिजे. कोपऱ्यात तुटला तर तो निरुपयोगी.

ही पद्धत कागदावरची नाही. जागतिक बँकेच्या साहाय्याने राज्याने १९९४ पासून जो भूकंप पुनर्वसन कार्यक्रम राबवला, त्यात ५२ गावे नव्या जागी वसवली गेली, हे सर्वांना माहीत आहे. त्याहून मोठे काम शांतपणे झाले. हजाराहून अधिक गावांत, सुमारे दोन लाख घरे होती त्याच जागी दुरुस्त किंवा मजबूत करायची होती. मालकाने स्वतः काम करून घ्यायचे, पैसे टप्प्याटप्प्याने त्याच्या बँक खात्यात. पण काम बरोबर झाले की नाही हे कोण पाहणार? स्वयम् शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीने गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना ‘संवाद सहायक’ नेमले गेले. कधी उंबऱ्याबाहेर फारशा न बोललेल्या बायका गवंड्याला विचारू लागल्या, पट्टा कुठे आहे, आरपार दगड किती घातले? २००१ मध्ये कच्छ हादरले तेव्हा याच भागातल्या बायका तिकडे गेल्या आणि तिथल्या बायकांना आपला अनुभव सांगून आल्या. मला या सगळ्या कार्यक्रमात ही गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. घरात सर्वांत जास्त वेळ असतो तो बायकांचा, आणि घर पडते तेव्हा आत असतात त्याही त्याच. तपासणी त्यांच्याच हाती हवी.

आज निलंग्यात मला जास्त काळजी वाटते ती माळवदाची नाही. काळजी वाटते ती जुन्या दगड-मातीच्या भिंतीवर टाकलेल्या स्लॅबची. माळवद गळते म्हणून ते काढून वर काँक्रीट ओतले की घर पक्के झाले असे वाटते. खाली भिंत तीच, दोन पदरांची. वर मात्र एक अखंड जड तुकडा, जो पडला तर कोणालाही हाताने उचलता येणार नाही. नवे घर बांधताना तर गवंड्याशी दोन गोष्टी आधीच ठरवून घ्या. जोते, लिंटेल आणि छत अशा तिन्ही पातळ्यांवर काँक्रीटचा सलग पट्टा हवा. आणि कॉलममधल्या रिंगांची टोके नुसती काटकोनात न ठेवता आत, काँक्रीटच्या गाभ्याकडे वळवलेली हवीत, नाहीतर धक्क्यात रिंग उघडते आणि उभ्या सळया बाहेर फुगतात. टोके वळवायला पैसे लागत नाहीत. काँक्रीट ओतण्याआधी तिथे उभे राहून पाहावे मात्र लागते.

दुरुस्ती होईपर्यंतही रात्र त्याच घरात काढायची असते. तेव्हा झोपायच्या जागा बदला. जाड भिंतीच्या बुडाशी अंथरूण नको. भेगाळलेल्या कोपऱ्यात म्हाताऱ्या माणसाची बाज नको. पत्र्याची पडवी असेल तर लेकरांना तिथे झोपवा. लोखंडी कपाट भिंतीला पकडून घ्या, माळ्यावरची जड भांडी खाली आणा, आणि दारासमोर मोटारसायकल किंवा धान्याची पोती लावू नका. धक्का जाणवला की टेबलाखाली घुसून त्याचा पाय धरायचा, हा नियम चांगल्या बांधलेल्या काँक्रीटच्या घरासाठी बरोबर आहे. दोन फूट मातीच्या माळवदाखाली टेबल टिकणार नाही. तिथे दार दोन-चार पावलांवर असेल तर बाहेर, आणि अंगणातही भिंतीपासून लांब. कोणत्या खोलीतून काय करायचे हे दिवसाच ठरवून लेकरांकडून करवून घ्यावे लागते. पहाटे चारला विचार करायला वेळ नसतो.

आता गल्ली. ढिगाऱ्यातून जिवंत निघालेली बहुतेक माणसे जगभर शेजाऱ्यांनीच काढलेली असतात, कारण पहिले दोन तास तिथे फक्त शेजारीच असतात. किल्लारीतही सैन्य, डॉक्टर, स्वयंसेवी संस्था आल्या, फार मोठे काम केले, पण त्यांना पोचायला रस्ता कापावा लागला. म्हणून पंधरा-वीस घरांच्या गल्लीने स्वतःची तयारी ठेवावी. प्रत्येक घरात कोण कुठे झोपते हे शेजारच्या दोन घरांना माहीत असावे, म्हणजे कुठे उकरायचे ते कळते. पहार, टिकाव, फावडी, घमेली, दोर, ट्रॅक्टरचा जॅक, बॅटरी हे सामान एखाद्या पत्र्याच्या शेडमध्ये ठेवावे. ज्या घरात ठेवले तेच पडले तर काय उपयोग?

काम असे चालते. आधी गॅसचे रेग्युलेटर बंद, विजेचा मेन स्विच बंद, काडी ओढायची नाही. मग सगळ्यांनी एकदम गप्प. एकाने हाक मारायची, भांड्यावर ठोकायचे, आणि अर्धा मिनिट ऐकायचे. आवाज मिळाला की वरून, हाताने, एकेक दगड काढत जायचे. माणूस दिसला की आधी त्याचे तोंड आणि नाक मोकळे करायचे. पाय निघायला तासभर लागला तरी चालेल, पण श्वासाला थांबता येत नाही. जेसीबी रस्ता मोकळा करायला उत्तम, पण जिथून हाक येते आहे तिथे त्याचा बकेट घालू नका. आणि ज्याचे पाय किंवा मांडी काही तास दगडाखाली दाबलेली आहे, त्याला ओढून काढण्याआधी शक्य तर डॉक्टर किंवा नर्सला बोलवा. दाब अचानक सुटला की चिरडलेल्या स्नायूंतले घटक रक्तात मिसळून हृदय आणि मूत्रपिंडावर ताण येतो. बाहेर काढताना हातपाय धरून उचलू नका. घरची बाज हेच स्ट्रेचर, चौघांनी चार खुरांशी धरायची.

रुग्णवाहिकेला १०८, पोलीस वा कोणत्याही मदतीला ११२, जिल्ह्याच्या नियंत्रण कक्षाला १०७७. फोन लागत नसेल तर मेसेज पाठवा, तो गर्दीतूनही जातो. निरोपात गावाचे नाव, किती घरे पडली, किती अडकले आणि कोणता रस्ता सुरू आहे, एवढेच.

दुसऱ्या दिवसापासून संकट बदलते. १९९३ ला भूकंपापाठोपाठ पाऊस आला आणि हजारो माणसे उघड्यावर होती. अशा वेळी साथीची भीती मृतदेहांमुळे असते असे लोक धरून चालतात. खरे तर जखमांनी गेलेल्या माणसांच्या देहांतून साथ पसरल्याची उदाहरणे फार विरळा. घाईने, ओळख न पटवता अंत्यविधी उरकले की घरच्यांना आयुष्यभराची टोचणी राहते, आणि वारसाची कागदपत्रेही अडतात. साथ येते ती पाण्यातून आणि गर्दीतून. पाइपलाइन फुटते, विहिरीत घाण झिरपते, संडास उरत नाहीत.

म्हणून टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर. ग्रामपंचायतीकडे ती असते आणि जलसुरक्षक ती टाकतो, पण हिशेब प्रत्येक घराला यायला हवा. गोल विहिरीचा व्यास मीटरमध्ये मोजा, त्याला त्यानेच गुणा, मग पाण्याच्या खोलीने, मग ७८५ ने. उत्तर लिटरमध्ये येते. तीन मीटर रुंद विहिरीत चार मीटर पाणी असेल तर सुमारे २८ हजार लिटर. चांगली पावडर हजार लिटरला अडीच ते पाच ग्रॅम, म्हणजे या विहिरीला ७० ते १४० ग्रॅम. पावडर उघडी राहिली की तिचा जोर उतरतो, म्हणून शेवटचा शब्द ओटी टेस्टचा. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू देऊन, वरचे निवळ पाणी विहिरीत सोडा, पोहऱ्याने ढवळा, तासभर थांबा. मग नळीत पाणी घेऊन ओटीचे थेंब टाका. पिवळा रंग आला तर क्लोरीन शिल्लक आहे. रंग आला नाही तर ते पाणी प्यायचे नाही, पुन्हा पावडर टाकायची. टँकरच्या पाण्यालाही हाच नियम. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले होते. ज्या जिल्ह्याला पाणी बाहेरून आणावे लागू शकते, तिथे ही नळी वाचता येणे लिहिता-वाचता येण्याइतके गरजेचे आहे.

तरीही हगवण लागलीच तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा सपाट छोटा चमचा मीठ, आणि ते घोट-घोट पाजत राहायचे. मीठ जास्त झाले तर लेकराला अपाय होतो, म्हणून चमचा सपाटच. डोळे खोल गेले, लघवी थांबली, तर उपकेंद्र किंवा उपजिल्हा रुग्णालय गाठा, वाट पाहू नका.

घरात एक पिशवी भरून दाराजवळच्या खुंटीला टांगलेली असावी. आधार, रेशनकार्ड, पासबुक, सातबारा यांच्या प्रती प्लास्टिकमध्ये, रक्तदाब-साखरेच्या आठवड्याच्या गोळ्या, बॅटरी, शिट्टी, थोडी रोकड, शेंगदाणे-गूळ. गोळ्या दर महिन्याला बदला. ही पिशवी पुरातही तितकीच कामाला येते. ऑगस्ट-सप्टेंबर २०२५ मध्ये मुखेडकडे आणि मांजरा-तेरणाकाठी पाणी रात्री घरात शिरले तेव्हा लोकांना अंगावरच्या कपड्यांनिशी निघावे लागले, आणि पंचनाम्याच्या वेळी कागद शोधायची वेळ आली.

गल्लीची यादीही तशीच दुहेरी कामाची. आशाताईंच्या वहीत गरोदर बायका आणि लहान लेकरे आधीच असतात. तिला अंथरुणाला खिळलेली माणसे, डायलिसिसवाले, एकटे राहणारे म्हातारे जोडा. पोलीस पाटलांकडे एक प्रत, ग्रामपंचायतीत एक, आणि एक गल्लीतल्या ज्या बाईला सगळ्यांची घरे माहीत आहेत तिच्याकडे. १ मेच्या ग्रामसभेत ती पुरासाठी वाचावी: नदीकाठची घरे कोणती, कोणी कोणाला आणायचे, शाळेची किल्ली कोणाकडे. २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत पुन्हा वाचावी, या वेळी भिंतींसाठी: कोणाच्या माळवदावरची माती उतरली, कोणाच्या कोपऱ्याची भेग वाढली, आणि ज्या घरात माती उतरवायला तरुण माणूस नाही तिथे दिवाळीआधी कोणते चौघे जाणार. त्या चौघांची नावे इतिवृत्तात लिहून घ्यावीत.